सकाळी डॉल्फिन, दुपारी वाळू, रात्री घाट

दिवाळी उलटली की कोल्हापुरात मालवणच्या एकदिवसीय सहलींचा हंगाम सुरू होतो. पहाटे तीन-साडेतीनला गाडी निघते, राधानगरी आणि दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरते आणि कणकवली, कसाल करत आठच्या आत देवबाग गाठते. मग होडी, डॉल्फिन, कर्ली नदीच्या मुखाशी असलेले त्सुनामी आयलंड, बनाना राइड, जेट स्की. दुपारी सुरमईचे ताट. जेवण जिरायच्या आत पुळणीवर जाड चाकांची बाइक, कुठे घोडागाडी, कुठे उंट. सूर्यास्ताचे फोटो झाले की पुन्हा घाट, आणि मध्यरात्र उलटल्यावर रंकाळा. माणशी ठरलेल्या रकमेत हे सगळे बसवून देणारे आयोजक आता गल्लोगल्ली आहेत आणि सोबत ‘गाइड’ही असतो. म्हणजे निदान पत्रकावर तरी असतो.

सकाळी समुद्री जीव आणि दुपारी वाळूतला थरार, हा मेळ आपण शोधून काढलेला नाही. नामिबियातल्या वॉल्विस बे या बंदरावर अशी सहल रोज विकली जाते. सकाळी होडीतून सील, पेलिकन, डॉल्फिन बघायचे आणि दुपारी फोर-व्हील गाडीतून सँडविच हार्बरला जायचे. तिथे वाळूचे डोंगर थेट अटलांटिक समुद्रात उतरतात. दुबईला जाऊन आलेल्या कोल्हापूरकराला यातला दुसरा भाग चांगलाच ठाऊक असतो. वाळूच्या उंचवट्यांवरून पोटात गोळा आणत धावणारी गाडी हे त्या दौऱ्याचे ठरलेले कलम. आपल्याकडे वाळवंट नाही, म्हणून त्याची हौस किनाऱ्यावरच्या वाळूवर भागवली जाते. माझ्या मते घोळ इथे सुरू होतो. पण तिथे पोचण्याआधी या सहलीच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलले पाहिजे, कारण ते सहसा कोणी बोलत नाही.

निसर्गप्रेमी मंडळी एकदिवसीय सहलीकडे नाक मुरडून पाहतात. मालवणला गेलात तर चार दिवस राहा, गाव समजून घ्या, कालवणात कोकम किती घालतात ते विचारा, असा त्यांचा सल्ला असतो. सल्ला चांगलाच आहे. तो पाळायला चार दिवसांची रजा लागते आणि पाच माणसांच्या कुटुंबाला तीन रात्री राहण्याचे पैसे लागतात. कारखान्यात आठवड्याला एकच सुट्टी मिळणाऱ्या माणसाला यातले काहीच परवडत नाही. घरात अंथरुणाला खिळलेली सासू किंवा गोठ्यात दुभती म्हैस असलेल्या बाईला तर रात्री बाहेर राहणेच शक्य नसते. तिच्यासाठी एक दिवस मिळतो आहे हीच मोठी गोष्ट. दीडशे किलोमीटरवर समुद्र असून तो एकदाही न पाहिलेली मुले आपल्या जिल्ह्यात आहेत. जिवंत डॉल्फिनची पाठ पाण्याबाहेर आलेली त्यांनी एकदा पाहिली तर त्याचे मोल कमी समजू नये.

पलीकडच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. सिंधुदुर्ग हा 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्या घोषणेतून पुढे किती मिळाले यावर वाद होऊ शकतो, पण पारंपरिक मच्छीमाराला मासळीने हात दिला नाही तेव्हा पर्यटकाने दिला, हे खरे आहे. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटी आणि रापणकार यांच्यातला झगडा मालवणने वर्षानुवर्षे पाहिला. 2016 साली राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध आणावे लागले. अशा काळात कर्ज काढून होडीला नवे इंजिन बसवलेल्या माणसाकडे कोल्हापूर, सांगली, बेळगावहून येणारी गाडी म्हणजे रोख उत्पन्न. शिवाय डॉल्फिन हा मुळात जाळी फाडणारा, मासे पळवणारा म्हणून मच्छीमारांच्या शिव्या खाणारा प्राणी. तो जिवंत राहण्यात होडीवाल्याचा पैशाचा संबंध आला, हा या धंद्याचा फायदाच आहे. सहल बंद करा म्हणणाऱ्यांनी हा संबंध तुटला तर काय होईल, याचाही हिशेब मांडावा.

आता दुसरी बाजू. मालवण-देवबागच्या समोर जो डॉल्फिन दिसतो तो बहुतेक वेळा पाठीवर मदार असलेला, हिंदी महासागरातला हंपबॅक डॉल्फिन असतो. खोल समुद्र हे त्याचे घर नव्हे. उथळ पाणी, खाडीची मुखे, किनाऱ्यालगतचा अरुंद पट्टा, एवढ्यातच तो राहतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो संकटग्रस्त आहे आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. होड्यांची, जेट स्कीची, पॅरासेलिंगच्या बोटींची वर्दळ नेमकी त्याच अरुंद पट्ट्यात असते. डॉल्फिन आवाजावर जगतो. गढूळ पाण्यात मासा शोधायचा, पिल्लाशी संपर्क ठेवायचा, तो आवाजानेच. सकाळच्या वेळी सात-आठ होड्या एका कळपाला घेरून पुढून आडव्या गेल्या की त्याचे खाणे मोडते आणि पिल्लू असलेली मादी सतत दूर सरकत राहते. हे एक दिवस झाले तर विशेष नाही. पण हंगामात ते रोज होते, आणि त्याच कळपाला होते. ओडिशात चिल्का सरोवरातल्या इरावती डॉल्फिनबाबत सातपाडा इथे हाच प्रश्न आपल्या आधी उभा राहिला. होड्यांनी अंतर ठेवावे, इंजिन मंद करावे, पाठलाग करू नये, या साध्या नियमांवर तिथे बरीच वर्षे बोलणे झाले आहे. नियम लिहिणे सोपे असते. समोर पर्यटक ओरडत असताना इंजिन बंद करणे अवघड.

आणि पर्यटक ओरडतोच, कारण त्याला हमी दिलेली असते. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ हे वाक्य मला या सगळ्या व्यवहारातले सर्वांत घातक वाक्य वाटते. होडीवाल्याने सांभाळून होडी चालवली आणि डॉल्फिन नाही दिसला, तर नुकसान त्याचे. पाठलाग केला आणि दिसला, तर फायदा त्याचा. अशा करारात भला माणूसही पाठलाग करील. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. पण ते मच्छीमारांना विश्वासात न घेता वरून आले, ही तक्रार तेव्हापासून आजतागायत आहे आणि ती खोटी नाही. म्हणून कागदावरच्या हद्दीपेक्षा होडीचे भाडे कशावर ठरते, यावर डॉल्फिनचे जास्त काही अवलंबून आहे असे मी मानतो.

वाळूचा विषय थोडा गुंतागुंतीचा आहे आणि तिथे सरसकट निकाल देणे मला जमत नाही. रोजच्या भरतीत बुडणारी ओली घट्ट वाळू वेगळी आणि वरच्या अंगाची, मर्यादवेलीने धरून ठेवलेली कोरडी वाळू वेगळी. पहिल्या पट्ट्यावर माणसे खेळली, घोडागाडी गेली, तर सहा तासांनी भरती येऊन ते पुसते. त्सुनामी आयलंडसारख्या वाळूच्या पट्टीचेही तसेच, ती तर भरती-ओहोटीबरोबर दिसते आणि नाहीशी होते. वरच्या पट्ट्यावर मात्र गाडी नेली की वेल तुटते आणि वेल तुटली की वाळू वाऱ्यावर आणि लाटांवर जाते. एका बाजूला कर्ली आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या जिभेवर वसलेल्या देवबागला धूप म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षणाच्या गटात घातल्या आहेत, त्या उगीच नाहीत.

कासवाचे तर वेळापत्रकच आपल्या सहलीच्या वेळापत्रकावर येऊन बसते. ऑलिव्ह रिडले मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येते, कोरड्या वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी, देवगडकडचे तांबळडेग इथे घरटी होतात. टायरची खोल चाकोरी म्हणजे दोन इंचाच्या पिल्लाला खंदकच. त्यात ते अडकते, आणि कावळ्याला किंवा कुत्र्याला आयते सापडते. खाली दबलेली वाळू फोडून वर येणेही त्याला जड जाते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांबरोबर घरटी राखायला सुरुवात केली. 2006 पासून तिथे कासव महोत्सव होतो. लोक घरांत उतरतात, पहाटे उठतात, दोरीच्या मागे उभे राहून चार पिल्ले पाण्याकडे जाताना बघतात. यात कसलाही वेग नाही, तरी माणसे दूरवरून येतात. जानेवारी 2022 मध्ये याच वेळासच्या एका मादीला उपग्रह टॅग लावला, तिचे नाव ठेवले प्रथमा. थराराशिवाय सहल खपत नाही असे आयोजक सांगतात, तेव्हा मला वेळास आठवते.

नामिबियाचा दाखला इथे पुरता उपयोगी पडतो. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा तो देश, पण 2023 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 30 लाखांच्या आसपास भरली. एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्येच 38 लाखांवर होती. एवढी मोकळी जागा असूनही त्यांना किनाऱ्याच्या वाळवंटात बाइक कुठे चालवायच्या आणि कुठे नाही, याच्या रेषा आखाव्या लागल्या. तिथल्या खडकाळ मैदानावर उमटलेली चाकाची खूण कित्येक वर्षे जात नाही. डमारा टर्न नावाचा छोटा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, त्याच्या जागा राखाव्या लागल्या. 2010 साली त्या भागात डोरोब राष्ट्रीय उद्यान झाले. जिथे माणूस विरळ आहे तिथे ही गरज पडली, तर आपल्या गच्च किनाऱ्यावर ती पडणार नाही असे म्हणता येत नाही.

पर्यावरणाच्या या चर्चेत गाडीच्या चालकाचे नाव कुठेच येत नाही. पहाटे तीनला चाक हातात घेतलेला माणूस दिवसभर उन्हात, कधी गाडीतच पडून, संध्याकाळी सातला पुन्हा घाटाकडे निघतो. मागे गाणी चालू, निम्मे लोक झोपलेले, आणि दाजीपूरच्या वळणावर गवा आडवा उभा. राधानगरीच्या अभयारण्याची सुरुवात 1958 साली गव्यांसाठीच झाली. रस्ता त्यांच्या घरातून जातो, ते आपल्या नाही. करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी 2024 चे जवळजवळ सगळे वर्ष बंद होता, तेव्हा फोंडा आणि भुईबावड्यावर सगळा भार आला आणि या रस्त्यांची ताकद किती ते सगळ्यांनी पाहिले. समुद्रावरच्या घाईचेही अनुभव आहेत. 15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ विद्यार्थी बुडाले. 24 मे 2022 रोजी स्कूबा करून तारकर्लीला परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. या घटना एकदिवसीय सहलीमुळेच घडल्या असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पाच-सहा कलमे एका दिवसात बसवायची असली की ओहोटीची वाट पाहायला, जॅकेटचे पट्टे नीट बांधायला, स्थानिक माणसाने ‘आता पाण्यात नको’ म्हटलेले ऐकून घ्यायला वेळ उरत नाही. सहलीत सर्वांत आधी कापली जाते ती सवड.

मग करायचे काय? सहल दोन दिवसांची करा, हा पुस्तकी उपाय, आणि तो ज्यांच्यासाठी नाही ते वर सांगितलेच आहे. सगळे मोटारखेळ बंद करा हा दुसरा. तो लागू करणारी माणसे किनाऱ्यावर नाहीत, आणि बंदी आली की धंदा संपत नाही, पोलिसाच्या नजरेआड सरकतो. मला तिसरा मार्ग पटतो: एकच दिवस ठेवा, पण त्यातली कलमे निम्मी करा, आणि पैसे डॉल्फिनचे न देता वेळेचे द्या. दोन तासांची होडी, अमुक रक्कम, डॉल्फिन दिसो न दिसो. होडीवाल्याला एका सकाळी पाच फेऱ्यांऐवजी दोन कराव्या लागतील. प्रत्येक फेरीला आजच्यापेक्षा जास्त मिळाले नाही तर तो हे का ऐकेल? म्हणजे भार आपल्यावर, कोल्हापूरकरांवर आहे. बाइक आणि पॅरासेलिंगवर जाणारे पैसे होडीकडे वळवले तर माणशी खर्च फारसा वाढू नये. वाळूवर काही चालवायचेच असेल तर ते भरतीच्या रेषेखाली, आणि नोव्हेंबर ते मे मध्ये घरटी असलेल्या किनाऱ्यांवर अजिबात नको. आणि परतीला गाडी चारला निघालीच पाहिजे. सूर्यास्त हुकतो म्हणून लोक कुरकुरतील. सूर्यास्त पन्हाळ्यावरूनही दिसतो.

गाइड या शब्दाखाली आज जो माणूस येतो तो डोकी मोजतो आणि जेवणाचे कूपन वाटतो. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना वल्हवत कांदळवनात नेतात, झाडांची नावे सांगतात, पक्षी दाखवतात. मोटार नाही, त्यामुळे बोललेले ऐकू येते आणि पक्षी उडत नाहीत. राज्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्गातला प्रकल्प यांच्या पाठबळावर असे काही प्रयोग इथे उभे राहिले. सगळे टिकले असे नाही. पण कोल्हापूरच्या एका आयोजकाने जरी हंगामभर दर रविवारी एक गाडी तिकडे नक्की पाठवायचे ठरवले, तर त्या बायकांना सरकारी अनुदानापेक्षा ते जास्त भरवशाचे वाटेल. तसा आपला मालवणशी संबंध नुसता माशांच्या ताटाचा नाही. 1812 च्या तहात कोल्हापूरच्या छत्रपतींनी ते बंदर इंग्रजांना दिले, तोवर ते आपल्याच राज्याचे होते. आता 2025 पासून पन्हाळा आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही किल्ले एकाच जागतिक वारसा यादीत आहेत.

राहता राहिले वाळवंट. कोकणात ते किनाऱ्यावर नाही, वर सड्यावर आहे. एप्रिल-मे मध्ये जांभ्याचा तो उघडा कातळ असा तापतो की चपलेतून चटका बसतो, मैलभर झाड नाही, सावली नाही, पाणी नाही. पड जमीन म्हणून गणल्या गेलेल्या या सड्यांवर कातळशिल्पे सापडत गेली आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या अशा नऊ जागा गेल्या. त्यातली कुडोपी मालवण तालुक्यातच आहे, किनाऱ्याच्या वाटेवरून थोडी वाकडी वाट केली की पोचता येते. कोरलेली माणसे, प्राणी, ज्यांचा अर्थ अजून कोणाला नीट लागलेला नाही अशा आकृत्या. थरार हवा असणाऱ्या मुलांना हे पुरेल का? सगळ्यांना नाही पुरणार. निदान आयोजकांनी एकदा करून बघायला हरकत नाही.

याचा एक फायदा होडीवाल्यांच्या कामाचा आहे. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद असतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या खानावळी आणि घरगुती निवास रिकामे पडतात. त्याच दिवसांत सडा हिरवा होतो, खाचांत पाणी साचते, सीतेची आसवे निळी-जांभळी फुलतात. भर पावसात घाटाचा भरवसा धरू नये, पण ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात उघडीप मिळते, तेव्हा सडा आणि खाडी असा एक दिवस सहज बसतो. होडीवरची पोरे त्या वेळी वाटाडे म्हणून येऊ शकतात. अडचण एकच दिसते. आज जी गर्दी पुळणीवर आहे ती उद्या कातळावर जाईल, आणि फोटोत आकृती उठून दिसावी म्हणून तिच्या खाचांत खडू भरणारे हातही सोबत जातील. म्हणून पहिल्या तुकडीपासून गावातला माणूस सोबत, चित्रांवर पाय नाही आणि गाडी डांबरी रस्त्यावरच, एवढे आयोजकाने पैसे घेण्याआधी पावतीवर छापून द्यावे.